‘संगीत देवबाभळी’ : आवलीच्या तक्रारीचे नाट्यरूप

साहित्य अकादमीने पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला तो २०११ मध्ये. मराठीतील त्या पहिल्या पुरस्काराचा मान नाशिक जिल्ह्यातील ऐश्वर्य पाटेकर यांच्या ‘भुईशास्त्र’ या कवितासंग्रहास मिळाला. पुढे २०२० चा पुरस्कार नाशिकच्याच प्राजक्त देशमुख यांच्या ‘देवबाभळी’ या नाटकास लाभला. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर यांच्या गावाला याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. तथापि सत्काराच्या भाषणांत नाटकाची चिकित्सा बहुधा मागे पडते, आणि ‘देवबाभळी’ला तिची गरज आहे.

एकांकिका म्हणून आकारास आलेली ही कृती २०१७ मध्ये ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ने दोन अंकी संगीत नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आणली. कथानक अगदी छोटे आहे. भंडारा डोंगरावर तुकोबांसाठी भाकरी घेऊन निघालेल्या गरोदर आवलीच्या पायात काटा रुततो. तो विठ्ठल काढतो, आणि तिच्या शुश्रूषेसाठी रुक्मिणी ‘लखुबाई’ होऊन तिच्या घरी राहते. रंगमंचावर या दोघीच. ज्यांच्याविषयी सारे बोलणे चालते ते दोन्ही पुरुष प्रेक्षकांसमोर येत नाहीत. नाटककाराची खरी नाट्यदृष्टी या निवडीत आहे.

आवलीला या नाटकाने प्रथमच वाचा दिली, असे म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. चरित्रपरंपरेने तिला कजाग ठरविले हे मान्य केले, तरी ‘प्रभात’च्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ चित्रपटात गौरीने साकारलेली जिजाई देवाला फटकारणारी आणि तरीही नवऱ्यावर जीव टाकणारी होतीच. देशमुख यांचे नावीन्य निराळे आहे. आवलीची तक्रार ऐकण्यासाठी त्यांनी देवाच्याच बायकोला तिच्या चुलीपाशी आणून बसविले. पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ वेगळे आहे आणि ती रुसून दिंडीरवनात गेल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. तो लोकश्रद्धेतील रुसवा येथे संसारातील प्रश्न होतो. (तुकोबांच्या दुष्काळात वारलेल्या पहिल्या पत्नीचे नावही रखमाबाई होते. हा योगायोग मोहात पाडणारा असला तरी त्यावर फार भार टाकू नये.)

परंतु ही दोन दुःखे समान आहेत काय? रुक्मिणीचे दुःख उपेक्षेचे आहे. आवलीच्या दुःखात उपेक्षा आहेच, शिवाय रिकामे मडके आहे, मुलांची भूक आहे, येणारे बाळंतपण आहे. देवीला रुसून वनात जाता येते, आवलीला दुखऱ्या पायानेही घर सोडता येत नाही. ही विषमता संवादांतून जाणवत राहते तेथे नाटक अस्सल होते. आवलीचे बोलणे रोखठोक आहे, त्यात विनोद आहे आणि भक्तीचा आव अजिबात नाही. लखुबाईला तिच्यापुढे अनेकदा निरुत्तर व्हावे लागते. याउलट अभंग आणि आनंद ओक यांचे संगीत दोघींना एकाच भावावस्थेत नेऊ लागते तेव्हा आवलीच्या भाकरीचा प्रश्न काहीसा धूसर होतो. गाण्याने प्रेक्षक हेलावतो, पण तक्रारीचे उत्तर मिळालेले नसते.

अकादमीचा सन्मान ग्रंथाला असतो, प्रयोगाला नव्हे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांचे गायन-अभिनय बाजूला ठेवून संहिता वाचली असता तिचा पूर्वार्ध अधिक भक्कम वाटतो तो याचमुळे. तेथे आवली अजून भांडते आहे.