‘निकामी’ या शब्दाविषयी

मूत्रपिंडविषयक संशोधनात परिभाषेचा प्रश्न गौण नाही. २००२ साली अमेरिकेत दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या पाच अवस्था निश्चित झाल्या. पुढे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी रुग्णास कळावे म्हणून लॅटिनोद्भव ‘रीनल’ऐवजी ‘किडनी’ शब्दाची शिफारस केली. आपल्याकडे मात्र तिसऱ्या अवस्थेलाही पुष्कळदा ‘किडनी निकामी’ म्हटले जाते. राधानगरीच्या शेतकऱ्याला निकामी म्हणजे मोडीत काढण्याजोगे अवजार. मग पथ्य आणि औषध कशासाठी? (‘वृक्क’ शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांनी, चरकाने वृक्क मेदोवह स्रोतसांचे मूळ मानले होते, मूत्रवह स्रोतसांचे नव्हे, हेही ध्यानी घ्यावे.) तिसऱ्या अवस्थेत ‘मूत्रपिंड मंदावले आहे’ असे म्हणावे. ‘निकामी’ हा शब्द पाचव्या अवस्थेतही जपूनच योजावा. डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगणारी माणसे तो ऐकत असतात.