जरीपटका व भगवा : जुन्या निशाणांच्या विसर्जनाविषयीं

भगवा झेंडा व जरीपटका हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें आहेत अशा समजुतीनें अनेक लेखक लिहितात. हा घोटाळा केवळ शब्दांचा असता तर आम्ही त्याची दखल घेतली नसती. परंतु जुन्या निशाणांचें पुढें काय करावें हा प्रश्नही त्यांतच गुंतलेला आहे.

अमरसिंहानें पताका, वैजयन्ती, केतन व ध्वज हे शब्द एकत्र दिले आहेत. तथापि कपिध्वज, गरुडध्वज, मकरध्वज हे समास पाहिले म्हणजे ध्वजास चिन्ह लागतें असें दिसतें. निजामाच्या आसफजाही निशाणावर पिवळ्या पटावर कुलचा असे. तो या अर्थानें ध्वजच. (शेजारचें करमाळें निजामाकडील रावरंभा निंबाळकरांची जहागीर, म्हणून हा दाखला.) भगव्यावर चिन्ह नाहीं, तेथें रंग हेंच चिन्ह. जरीपटका याहून निराळा. तो छत्रपतींकडून पेशव्यास व पेशव्यांकडून मोहिमेवरील सरदारास मिळणारा मान, म्हणजे पदाचें निशाण होय.

खडकीच्या लढाईस निघतांना जरीपटक्याची काठी मोडली, हा अपशकुन ग्रांट डफनें नोंदला आहे. तो वागविणारे मोर दीक्षित त्याच दिवशीं, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, पडले. आमचे लेखक मराठी निशाणाची कथा येथेंच संपवितात! पण पुढील फेब्रुवारींत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हातीं आला, तेव्हां त्यांनीं आपलें निशाण चढवून लागलींच उतरविलें व त्या जागीं भगवा लाविला. पेशव्याचें पद गेलें, छत्रपतींची गादी राहिली, हा भेद एल्फिन्स्टनास कळत होता. त्यांत त्याचा राजकीय डाव होता हें उघड आहे. पण डाव साधावयासही निशाणाचा अर्थ ठाऊक असावा लागतो. त्याच महिन्याच्या २० तारखेस आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील आष्टी येथें बापू गोखले पडले व छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांकडे आले. सातारचें राज्य १८४८ त खालसा झालें. अक्कलकोटासारखीं संस्थानें १९४८ पर्यंत टिकलीं.

आतां विसर्जनाविषयीं. देवळावरील पताका फाटली म्हणजे नवी लावावी, जुनी पाण्यांत सोडावी, हें ठीक. तिचा अर्थ नवींत उतरतो. २००२ ची ध्वजसंहिताही जीर्ण राष्ट्रध्वज एकांतांत, संपूर्णपणें, शक्यतों जाळून, मान राखून नष्ट करण्यास सांगते. हाच नियम संपलेल्या सत्तेच्या निशाणास लावणें आम्हांस मान्य नाहीं. त्याच्या जागीं नवें चढणार नाहीं. तें जाळलें कीं वीण, रंगाची जात, जरींतील धातु, शिवणीची तऱ्हा हा सारा पुरावा गेला. कागद जळाला तरी कोठें एखादी नक्कल सांपडते. कापडाची नक्कल कोण ठेवतो?

पूजेनेंही हानि होते, हें कुंकवासाठीं प्रसिद्ध असलेल्या या केम गांवांतून लिहितांना थोडें संकोचाचें वाटतें. हळदीवर क्षाराचा संस्कार होऊन कुंकवास लाली येते, आणि जुन्या रेशमास क्षार मानवत नाहीं. डागही निघत नाहीं. दसऱ्यास कुंकू काठीस लावावें, पटास लावूं नये. निशाण घडी न घालतां नळीवर गुंडाळून, स्वच्छ सुती कापडांत, उजेडापासून दूर ठेवावें. तें कोणत्या घराण्याचें व कोणाकडून आलें याची चिठ्ठी जवळ असावी, मात्र ती पटास टांचूं नये. टांचणीचा गंज कापड खातो.