एक विलाप, दोन वाद्यगट

चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीची निरनिराळी ध्वनिमुद्रणे तुलनेसाठी घेतली, की परीक्षक बहुधा तिसऱ्या भागातील कूचगीताच्या झपाट्याविषयी प्रथम बोलतात. आम्ही अखेरच्या भागापासून आरंभ करतो. कारण संचालकाची खरी परीक्षा आमच्या मते तेथे, पहिल्या काही क्षणांतच होऊन जाते.

या भागाच्या प्रारंभी व्हायोलिनांवर एक उतरती, विलापाची धून ऐकू येते. स्वरलिपी उघडून पाहावी, तर ही धून कोणाच्याच वाट्याला लिहिलेली आढळत नाही! तिचा एक स्वर एका व्हायोलिन-गटाकडे, त्यापुढचा दुसऱ्याकडे, त्यानंतरचा पुन्हा पहिल्याकडे, अशी वाटणी आहे. कोणताही एक गट एकटा वाजवू लागला, तर वेड्यावाकड्या उड्यांपलीकडे कानी काही पडावयाचे नाही. आपल्या देवळांतील भजनात समोरासमोरच्या दोन बाजू एकमेकींची ओळ उचलून धरतात. येथे ओळ नव्हे, एकेक स्वर उचलून धरावयाचा आहे. पुढे हीच धून परत येते, तेव्हा मात्र ती पहिल्या व्हायोलिनांकडे अखंड सोपविलेली आहे. दोन ठिकाणी विखुरलेले दुःख मग एका कंठात येते. यास आम्ही केवळ कारागिरी समजत नाही. या भागाचा आशयच तो आहे.

चायकोव्हस्कीच्या काळी पहिली व्हायोलिने संचालकाच्या डाव्या हाताला व दुसरी उजव्या हाताला बसविण्याची चाल होती. विसाव्या शतकात पुष्कळ वाद्यवृंदांनी दोन्ही गट डावीकडे एकत्र आणले. वाजविणाऱ्यांची सोय झाली, पण ही वाटणी ऐकू येईनाशी झाली. कारायानने बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून 1964 साली केलेले ध्वनिमुद्रण घ्या. तंतुवाद्ये रेशमासारखी मऊ, आणि धून इतकी सलग की तिच्यात कधी भेग होती अशी शंकाही येऊ नये. सौंदर्य निर्विवाद आहे. मात्र आरंभीच सर्व सांधले गेल्यावर पुढे सांधावयाचे काय उरले?

फुर्टवेंगलरचे 1938 मधील बर्लिनचे ध्वनिमुद्रण एकाच ध्वनिमार्गाचे आहे. डावे-उजवे त्यात ऐकू येणे शक्यच नाही. तरीही लय किंचित ताणून व पुन्हा सोडून देऊन तो श्वासाचा अडखळता भास निर्माण करतो. साधन नसताना आशय गाठण्याचा हा प्रयत्न आम्हांस फार मोठा वाटतो.

लिओनार्ड बर्नस्टाइनने न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासह 1986 साली हाच भाग सतरा मिनिटांहून अधिक काळ लांबविला आहे. एरवी तो दहा मिनिटांच्या आसपास आटोपतो. स्वरलिपीत आरंभीची लय मिनिटाला 54 मात्रा अशी स्पष्ट नोंदलेली आहे. बर्नस्टाइनच्या चाहत्यांचा युक्तिवाद असा, की रचनाकाराने 28 ऑक्टोबर 1893 रोजी पीटर्सबर्ग येथे स्वतः ही सिंफनी प्रथम सादर केली व अवघ्या नऊ दिवसांनी तो वारला. तेव्हा हे मरणाचे संगीत आहे, आणि ते मरणाच्याच गतीने चालावे. आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाही. मृत्युपत्राचा अर्थ लावताना न्यायालय लेखातील शब्द प्रथम पाहते. लिहिणारा पुढे कसा गेला, यावरून शब्द बदलत नाही. शिवाय या सिंफनीच्या रशियन नावाचा रोख कारुण्यापेक्षा भावावेगाकडे अधिक आहे. इतक्या विलंबित लयीत स्वर सुटे पडतात, धून जुळत नाही, आणि शोक चायकोव्हस्कीचा न राहता संचालकाचा होतो. शेवटी, घंटेच्या एका हलक्या टोल्यानंतर खर्जातील तंतुवाद्ये विझत जातात, तेवढ्या ठिकाणी मात्र बर्नस्टाइनची शांतता अपूर्व आहे, हे सांगितलेच पाहिजे.

म्राव्हिन्स्कीकडे आम्ही वारंवार वळतो. लेनिनग्राडच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व त्याने 1938 पासून 1988 पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे केले, आणि व्हायोलिनांची जुनी समोरासमोरची बैठक कायम ठेवली. 1960 साली व्हिएन्ना येथे केलेल्या त्याच्या दुहेरी ध्वनिमार्गाच्या मुद्रणात दोन ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मध्ये बसून हा भाग ऐकावा. धून डावी-उजवीकडे थरथरत राहते. आणि परत येते तेव्हा एकाच बाजूने, सलग येते. भाग दहा मिनिटांच्या आतच संपतो. कोठे हुंदका नाही, कोठे विनवणी नाही. म्हणूनच तो अधिक असह्य होतो.

एक तक्रार मात्र आहे. दुसऱ्या भागातील पाच मात्रांचे नृत्य म्राव्हिन्स्की फारच ताठ ठेवतो. तेवढ्यापुरती आम्ही फुर्टवेंगलरची जुनी, खरखरती तबकडीच लावतो.