बिनतारी चल जाळ्यांतील साधनसंपत्तीचे वितरित नियोजन : दावे, गृहीतके आणि मर्यादा

सारांश

बिनतारी जाळ्यांतील वारंवारता, कालखंड आणि प्रक्षेपणशक्ती यांची वाटणी मध्यवर्ती नियंत्रकाविना करू पाहणाऱ्या अल्गोरिदमांवर गेल्या काही दशकांत विपुल संशोधन झाले आहे. प्रस्तुत लेखात चॅनेल-वाटप, शक्ती-नियंत्रण, माध्यम-प्रवेश आणि खेळ-सिद्धांतावरील प्रतिमाने या चार प्रवाहांची चिकित्सा केली आहे. या संशोधनाचे गणिती यश निर्विवाद असले, तरी 'वितरित' आणि 'चल' ही दोन्ही विशेषणे त्यात अनेकदा सैलपणे वापरली जातात आणि अपुऱ्या साधनांचा तोटा कोणाच्या वाट्याला येतो हा प्रश्न बाजूला राहतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वितरित अल्गोरिदम, चॅनेल-वाटप, शक्ती-नियंत्रण, माध्यम-प्रवेश, सिम्युलेशन, न्याय्य वाटणी

१. प्रस्तावना

रेडिओ वर्णपट ही मर्यादित आणि सामायिक संपत्ती आहे. एकाचा संदेश हा शेजाऱ्यासाठी व्यत्यय असतो. त्यामुळे कोणी, केव्हा, कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने बोलावे याचा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो. हा निर्णय एका केंद्राने न घेता प्रत्येक घटकाने स्वतःजवळच्या माहितीवर घ्यावा, हे वितरित पद्धतीचे सूत्र होय. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये कार्यान्वित झालेले अलोहा जाळे हे या सूत्राचे आरंभीचे रूप. पाठवायचे असेल तेव्हा पाठवा आणि टक्कर झाल्यास यादृच्छिक काळ थांबून पुन्हा पाठवा, एवढाच त्याचा नियम होता. या साधेपणाची किंमतही तेव्हाच कळून आली. मूळ अलोहात माध्यमाच्या क्षमतेपैकी फार तर सुमारे १८ टक्के भाग उपयोगात येतो. कालखंड पाडून घेतले तर ही मर्यादा सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत जाते.

समन्वयाच्या अभावाची किंमत मोजून सांगणे ही या शाखेची सुरुवातीची शिस्त होती. पुढील संशोधनात ती कितपत टिकली, हे तपासण्यासाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात. निर्णयाला लागणारी माहिती कोठून येते? मागणी पुरवठ्याहून अधिक झाली तर तोटा कोणाचा होतो? आणि दाव्याची पडताळणी कशावर केली आहे?

२. चॅनेल-वाटप : चल कोण आणि स्थिर कोण?

सेल्युलर रचनेत ठरावीक अंतरापलीकडे तीच वारंवारता पुन्हा वापरता येते. त्या अंतराच्या आतील दोन सेलनी एकच चॅनेल एकाच वेळी घेऊ नये, ही अट संगणकविज्ञानातील परस्पर-वर्जनाच्या जुन्या प्रश्नाशी जुळते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये तार्किक कालक्रमाची कल्पना मांडली. रिकार्ट आणि अग्रवाला यांनी १९८१ मध्ये तिच्या आधारे 'न' घटकांसाठी दर प्रवेशामागे २(न−१) संदेशांत काम भागवणारी पद्धत दिली. प्रकाश, शिवरात्री आणि सिंघल यांनी १९९५ मध्ये मांडलेला गतिमान चॅनेल-वाटपाचा वितरित अल्गोरिदम याच परंपरेतला आहे. ज्या सेलमध्ये गर्दी आहे तो शेजाऱ्यांना विचारून त्यांच्याकडील मोकळे चॅनेल मिळवतो आणि कोणत्याही मध्यवर्ती कार्यालयाकडे धाव घ्यावी लागत नाही.

ही मांडणी सुबक आहे. मात्र तिच्यात निर्णय घेणारे घटक कोण, हे पाहणे अगत्याचे आहे. संदेशांची देवघेव करतात ती स्थिर केंद्रे, आणि तीही तारांच्या जाळ्यावरून. हातातला फिरता संच या संवादात भाग घेत नाही. तो केवळ मागणी नोंदवतो. बद्रीनाथ, आचार्य आणि इमिएलिन्स्की यांनी १९९४ मध्ये हेच तत्त्व उघडपणे सांगितले होते : गणनेचा आणि संदेशांचा भार शक्य तितका स्थिर केंद्रांवर टाकावा, कारण चल संचाची विद्युत्क्षमता तुटपुंजी आणि त्याचे ठिकाण अनिश्चित असते. हे तत्त्व योग्यच आहे. दोष आहे तो नंतरच्या लेखनातील शब्दयोजनेत. ज्या अल्गोरिदमात एकही फिरता घटक निर्णय घेत नाही, त्याला 'चल जाळ्यांचा वितरित अल्गोरिदम' म्हटल्याने खरी अडचण सुटल्याचा भास होतो. ती अडचण म्हणजे बदलत्या सदस्यत्वाची. 'न' हा अंक ज्ञात आणि स्थिर असल्याखेरीज २(न−१) या गणनेला अर्थ उरत नाही.

३. शक्ती-नियंत्रण : अटीसह यश

या क्षेत्रातील सर्वांत देखणे फलित बहुधा फॉस्किनी आणि मिल्यानिक यांचे १९९३ मधील. प्रत्येक संचाला संदेश आणि व्यत्यय यांचे एक इष्ट गुणोत्तर दिलेले असते. मोजलेले गुणोत्तर इष्ट गुणोत्तराच्या निम्मे भरले तर शक्ती दुप्पट करायची, दुप्पट भरले तर निम्मी, एवढाच नियम. दुसऱ्याची शक्ती किती, तो कोठे आहे, हे कोणालाही ठाऊक असण्याची गरज नाही. तरीही, सर्वांची उद्दिष्टे एकाच वेळी पुरी होणे शक्य असेल, तर सर्व संच किमान शक्तीच्या एकमेव समतोलाकडे जातात. येट्स यांनी १९९५ मध्ये या फलिताला व्यापक चौकट दिली. व्यत्यय-फलनात धनता, एकदिशता आणि प्रमाणक्षमता हे तीन गुण असतील, तर घटकांची घड्याळे जुळलेली नसतानाही अभिसरण होते, असे त्यांनी दाखवले.

या निबंधांचे मोठेपण त्यांच्या अटीत आहे. 'शक्य असेल तर' हा शब्दप्रयोग तेथे प्रमेयाचाच भाग म्हणून येतो. ती अट मोडली की तोच नियम उलटतो. प्रत्येक संच इतरांच्या वाढत्या व्यत्ययाला उत्तर म्हणून शक्ती वाढवत राहतो आणि अखेर कमाल मर्यादेला टेकतो. केंद्रापासून दूर, सेलच्या काठावर असलेल्या संचाला मुळातच अधिक शक्ती लागते. साहजिकच तो सर्वांत आधी मर्यादेला पोहोचतो आणि त्याचाच दुवा तुटतो. कोणी बाहेर जावे हे येथे कोणीही ठरवलेले नसते. ते अंतराने ठरते. कोणाला प्रवेश द्यावा हा प्रश्न म्हणूनच शक्ती-नियंत्रणाइतकाच मूलभूत आहे, आणि त्याचे उत्तर केवळ स्थानिक माहितीवर देणे कितीतरी अवघड आहे.

दुसरी अट काळाची. अभिसरण होईपर्यंत मार्गांची स्थिती बदलत नाही, असे मूळ सिद्धता गृहीत धरते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनातील ९०० मेगाहर्ट्झचा संच अर्ध्या तरंगलांबीचे, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटरचे अंतर १० मिलिसेकंदांत कापतो, आणि तेवढ्यात संदेशाची तीव्रता मोठ्या प्रमाणात बदलू शकते. आयएस-९५ या सीडीएमए मानकात शक्तीची दुरुस्ती सेकंदाला ८०० वेळा होत असे, म्हणजे या १० मिलिसेकंदांत केवळ ८ वेळा. शिवाय तेथे मोजमाप केंद्र करत असे आणि संचाला फक्त 'वाढव' किंवा 'घटव' एवढी एका बिटची आज्ञा मिळत असे. सिद्धांतातील स्वायत्त संच प्रत्यक्षात आज्ञाधारक होता.

४. माध्यम-प्रवेश : समान संधी, असमान किंमत

फिरता संच खरोखरच स्वतः निर्णय घेतो असे सर्वाधिक प्रसृत उदाहरण म्हणजे १९९७ च्या आयईईई ८०२.११ मानकातील, अर्थात वाय-फायमधील, माध्यम-प्रवेशाची पद्धत. आधी ऐका, माध्यम मोकळे असेल तर यादृच्छिक काळ थांबून बोला, टक्कर झाल्यास थांबण्याची मुदत दुप्पट करा. बियांकी यांनी २००० मध्ये या पद्धतीचे विश्लेषण केले आणि ते आजही अभ्यासक्रमांत शिकवले जाते.

पण समानतेच्या या नियमातही मेख आहे. ह्यूस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ८०२.११बी जाळ्यातील एक विसंगती दाखवून दिली. सेकंदाला ११ मेगाबिट वेगाने बोलणाऱ्या संचांमध्ये दूर असलेला एखादा संच १ मेगाबिट वेगाने बोलू लागला, तर सर्वांचाच उपयुक्त वेग त्याच्या पातळीपर्यंत, १ मेगाबिटच्याही खाली, घसरतो. कारण उघड आहे. नियम प्रत्येकाला सारख्या पाळ्या देतो, सारखा वेळ देत नाही. मंद संच एका पाळीत कितीतरी अधिक वेळ माध्यम अडवतो. शक्ती-नियंत्रणात काठावरचा संच बाहेर फेकला जातो, तर येथे तो सर्वांना स्वतःबरोबर खाली खेचतो. दोन्ही ठिकाणी न्यायाची व्याख्या कोणी जाणीवपूर्वक केलेली नाही. ती नियमाच्या रचनेतून आपोआप निपजली आहे. समान पाळ्या, समान वेळ, समान वेग ही न्यायाची वेगवेगळी तत्त्वे आहेत, आणि अल्गोरिदम निवडणे म्हणजे त्यांपैकी एक निवडणे होय.

५. स्वार्थ आणि किंमत

प्रत्येक संचाला स्वार्थी खेळाडू मानून समतोल शोधण्याचा प्रवाह २००० नंतर वेगाने वाढला. गुडमन आणि मंदायम यांनी २००० मध्ये दाखवले की प्रत्येकजण केवळ स्वतःची उपयुक्तता वाढवू लागला, तर सर्वजण गरजेपेक्षा अधिक शक्ती वापरतात. सर्वांनी थोडी शक्ती कमी केली असती तर प्रत्येकाचेच हित झाले असते. सरायदार, मंदायम आणि गुडमन यांनी २००२ मध्ये त्यावर शक्तीला किंमत लावण्याचा उपाय सुचवला.

उपाय परिणामकारक आहे. परंतु किंमत कोण ठरवणार? ती केंद्राकडून घोषित व्हावी लागते. म्हणजे समोरच्या दाराने निरोप दिलेले केंद्र मागच्या दाराने परत येते. यात गैर काही नाही. किंमत ही थोडक्या शब्दांत पुष्कळ माहिती पोहोचवण्याची चांगली युक्ती आहे. मात्र अशा योजनेला संपूर्ण विकेंद्रित म्हणणे अचूक नव्हे. 'वितरित' हे विशेषण केंद्र आहे किंवा नाही एवढेच सांगते; केंद्राला किती आणि किती वेळा बोलावे लागते, हे सांगितल्यावाचून तुलना पुरी होत नाही.

६. पडताळणीचा प्रश्न

तात्त्विक निबंधांत गृहीतके निदान लिहिलेली असतात. सिम्युलेशनवर विसंबलेल्या लेखनात ती अनेकदा अदृश्य असतात. कुर्कोव्हस्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००५ मध्ये मोबीहॉक या नामांकित परिषदेतील २००० ते २००५ या काळातील १५१ निबंध तपासले. त्यांपैकी ११४ सिम्युलेशनवर आधारलेले होते, आणि त्यांतील सुमारे ३० टक्के निबंधांत कोणता सिम्युलेटर वापरला हेही नमूद नव्हते. पुन्हा करून पाहता येतील असे निबंध १५ टक्क्यांहून कमी निघाले.

गतीच्या प्रतिमानाची कथाही अशीच बोधप्रद आहे. प्रत्येक घटक यादृच्छिक ठिकाण आणि यादृच्छिक वेग निवडून सरळ रेषेत जातो, हे प्रतिमान असंख्य निबंधांत वापरले गेले. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये दाखवले की किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी वेग काळानुसार घटत जातो, कारण मंद वेग निवडलेले घटक लांबच्या प्रवासात अडकून पडतात. म्हणजे 'चल' जाळे सिम्युलेशन चालू असतानाच हळूहळू अचल होत असे आणि निष्कर्ष मात्र गतीविषयी काढले जात. डार्टमथ महाविद्यालयातील कॉट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रत्यक्ष मैदानावरील मोजमापांच्या आधारे आणखी काही समजुती तपासल्या. जग सपाट असते, रेडिओची कक्षा वर्तुळाकार असते, मला तुझे ऐकू येते तर तुलाही माझे येते, अशा त्या समजुती. त्यांपैकी कोणतीही मोजमापांशी जुळली नाही.

७. व्यवहारातील तडजोड

प्रत्यक्ष जाळ्यांनी मधला मार्ग पत्करला. २००८ च्या अखेरीस निश्चित झालेल्या एलटीई मानकाच्या पहिल्या आवृत्तीत अनेक केंद्रांवरील मध्यवर्ती नियंत्रक काढून टाकण्यात आला. सेलच्या आत वाटपाचा निर्णय केंद्रच घेते, तोही दर मिलिसेकंदाला. केंद्राकेंद्रांत मात्र शेजारधर्म आहे. अतिभार झाल्याची किंवा पुढे व्यत्यय वाढणार असल्याची सूचना एक केंद्र दुसऱ्याला देऊ शकते. सूचनेचे स्वरूप मानकाने ठरवले. ती मिळाल्यावर काय करायचे हे उत्पादकांवर सोडले. त्यामुळे अल्गोरिदमाचा निर्णायक भाग सार्वजनिक चिकित्सेच्या बाहेर राहतो.

भारतीय संदर्भात आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने १९९० च्या दशकात उद्योगांच्या साहाय्याने विकसित केलेली कॉरडेक्ट प्रणाली लक्षणीय ठरते. ती युरोपीय डेक्ट मानकावर आधारलेली होती. १० वाहक वारंवारता आणि प्रत्येकीवर १२ द्विमार्गी कालखंड, असे १२० मार्ग. त्यांतील सर्वांत कमी व्यत्ययाचा मार्ग ग्राहकाकडील संच स्वतः मोजून निवडत असे. वारंवारतांचे पूर्वनियोजन लागत नसल्याने ही पद्धत ग्रामीण दूरध्वनीसाठी सोयीची ठरली. परंतु तेथे ग्राहकाचा संच घराच्या भिंतीवर स्थिर होता. वितरित निवड यशस्वी झाली ती मार्गाची स्थिती सावकाश बदलत होती तेथे. हे यश कमी लेखण्याचे कारण नाही. ते कोणत्या अटींवर मिळाले हे समजून घेणे अधिक मोलाचे आहे.

८. निष्कर्ष

वितरित अल्गोरिदमांच्या या परंपरेतील टिकाऊ काम तेच, ज्याने स्वतःच्या मर्यादा आपणच आखल्या. अलोहाची टक्केवारी आणि फॉस्किनी-मिल्यानिक यांची शक्यतेची अट ही त्याची उदाहरणे होत. दुबळे ठरते ते लेखन, जे त्या अटी गाळून केवळ आलेख पुढे नेते. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विभागांत पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हा विषय वारंवार निवडला जातो. तेथे मार्गदर्शक आणि परीक्षक यांनी नव्या अल्गोरिदमाची सरासरी कामगिरी किती टक्क्यांनी सुधारली, एवढेच विचारून थांबू नये. माहिती कोणाकडून आली, गती कोणत्या प्रतिमानाने दाखवली, प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येईल काय, आणि सेलच्या काठावरील शेवटच्या संचाचे काय झाले, हेही विचारले जावे. सरासरीचा आलेख वर जात असतानाही तो शेवटचा संच गप्प झालेला असू शकतो.