टुटू आणि नऊवारी : वेश व प्रतिष्ठा – एक चिकित्सा

बॅले या पाश्चात्त्य नृत्यप्रकारातील घेरदार, जाळीदार झग्यास 'टुटू' म्हणतात. १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फीड' या बॅलेत मारी ताल्योनी हिने परिधान केलेला घंटाकृती शुभ्र झगा हे त्याचे पूर्वरूप होय. पुढे पदन्यास स्पष्ट दिसावा म्हणून तो आखूड झाला आणि कालांतराने रंगमंचावरून नित्याच्या फॅशनमध्ये आला. नऊवारीचा प्रवास याच्या उलट झाला. मराठवाड्यातील कष्टकरी स्त्रीचे हे रोजचे वस्त्र. कासोट्यामुळे पाय मोकळे राहत; शेतकामातील ही सोयच लावणी नर्तकीच्या पदन्यासास उपकारक ठरली. आज शिवलेली तयार नऊवारी लग्नसमारंभांत व महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत मिरवते. तिच्यातील कासोटा मात्र बहुधा शोभेपुरता उरतो. याहून गंभीर बाब अशी की, वस्त्रास प्रतिष्ठा लाभली, ते रंगमंचावर जपणाऱ्या कलावंतिणीस नाही. माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबा यात्रेत लावणीला दाद देणारा समाज तोच वेश आपल्या लेकीसुनांना कौतुकाने नेसवतो, नर्तकीला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवतो. म्हणूनच वेशाची समीक्षा तो धारण करणाऱ्या स्त्रीच्या सामाजिक स्थानापासून सुरू व्हावयास हवी.