किनाऱ्यावरील 'लिंक्स' गोल्फ-रिसॉर्टचे आकर्षण : तेरेखोलच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश : समुद्रकिनाऱ्यावरील 'लिंक्स' पद्धतीच्या गोल्फ मैदानाचे आकर्षण हे पर्यटन व्यवसायाचे एक प्रभावी साधन बनले आहे. प्रस्तुत लेखात या आकर्षणाचे घटक तपासले आहेत, त्यांचे मूळ स्कॉटलंडच्या सामाईक किनारभूमीत कसे आहे हे दाखविले आहे आणि गोव्याच्या उत्तर सीमेवरील तेरेखोल येथील प्रस्तावित प्रकल्पाच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन केले आहे. लिंक्सच्या मूळ आकर्षणातील सर्वांत महत्त्वाचा घटक, म्हणजे भूमीची सार्वजनिकता, रिसॉर्टच्या रूपात गळून पडतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लिंक्स, किनारभूमी, सामाईक हक्क, पर्यटन, तेरेखोल, कोकण.

१. प्रस्तावना

गोल्फ हा खेळ भारताला नवा नाही. कलकत्त्यात १८२९ साली स्थापन झालेला गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईत १८४२ साली असा क्लब निघाला. पुण्यातही लष्करी छावणीच्या काळात हा खेळ रुजला आणि येरवड्याचे गोल्फ मैदान आजही शहराच्या नकाशावर ठळकपणे दिसते. तथापि ही सर्व मैदाने शहरी वसाहतीच्या गरजेतून निर्माण झाली. साहेबाच्या फावल्या वेळेची ती सोय होती. समुद्रकिनाऱ्यावरील गोल्फ-रिसॉर्टचा प्रकार त्याहून वेगळा आहे. येथे खेळापेक्षा भूदृश्य विकले जाते. खेळाडूबरोबरच न खेळणारा पर्यटक आणि सदनिका विकत घेणारा गुंतवणूकदार हेही त्याचे ग्राहक असतात. त्यामुळे या आकर्षणाकडे केवळ क्रीडाप्रकार म्हणून न पाहता एक सांस्कृतिक संहिता म्हणून पाहणे आवश्यक ठरते. ही संहिता काय सांगते आणि काय वगळते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२. 'लिंक्स' या संकल्पनेचे मूळ

'लिंक्स' हा शब्द कड किंवा उंचवटा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या दरम्यान असलेल्या वालुकामय, उंचसखल पट्ट्याला हे नाव मिळाले. ही जमीन नांगराला निरुपयोगी होती. तीत पाणी टिकत नसे, झाडे वाढत नसत. बारीक, चिवट गवत तेवढे उगवे आणि मेंढ्या व ससे ते कुरतडून आखूड ठेवीत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतूनच पुढे 'बंकर' निर्माण झाले, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजेच हे मैदान कोणी आखले नाही. जमीन, वारा आणि जनावरे यांनी ते घडविले व माणसाने त्यात खेळ शोधला.

या भूमीचे दुसरे वैशिष्ट्य कायदेशीर आहे. सेंट अँड्र्यूज येथील लिंक्सवर नगरवासीयांचा सामाईक हक्क होता. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या १५५२ च्या सनदेत तेथे गोल्फ व इतर खेळ खेळण्याच्या आणि जनावरे चारण्याच्या लोकांच्या हक्काला मान्यता दिलेली आढळते. १७९७ नंतर कर्जबाजारी नगरपालिकेच्या हातून ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली, तेव्हा गोल्फ खेळणाऱ्यांना दीर्घ संघर्ष करावा लागला. पुढे १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा नगराच्या ताब्यात आली आणि १९७४ पासून एक विश्वस्त संस्था तिचे व्यवस्थापन करीत आहे. आजही 'ओल्ड कोर्स' रविवारी सामान्यतः खेळासाठी बंद असतो व लोक तेथे फिरायला येतात. पहिल्या आणि अठराव्या पट्ट्याला छेदून जाणारी सार्वजनिक वाट समुद्राकडे जाते. त्या वाटेने माणसे जात असताना जगप्रसिद्ध खेळाडूलाही थांबावे लागते.

अर्थात सेंट अँड्र्यूजचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. बाहेरून येणाऱ्याला तेथील शुल्क भारी पडते आणि त्या नगराची अर्थव्यवस्थाही पर्यटनावर उभी आहे. परंतु खेळ आणि रहदारी, श्रीमंत पाहुणा आणि स्थानिक रहिवासी यांचे सहअस्तित्व तेथे कायद्याने सुरक्षित आहे. लिंक्सच्या प्रतिष्ठेत या सहअस्तित्वाचाही वाटा आहे, ही गोष्ट पर्यटनाच्या भाषेत क्वचितच उच्चारली जाते.

३. आकर्षणाचे घटक आणि त्यांचे स्थलांतर

लिंक्सच्या आकर्षणाचे चार घटक सांगता येतील. पहिला वारा : तो रोज बदलतो, त्यामुळे तेच मैदान रोज नवे वाटते. दुसरा भूमी : चेंडू उंच उडविण्याऐवजी जमिनीवरून घरंगळत नेण्याचे कौशल्य येथे लागते. तिसरा विस्तीर्णता : झाडांचा अडसर नसल्याने समुद्र व आकाश सतत नजरेसमोर राहते. चौथा सार्वजनिकता : ही भूमी कोणा एकाची नाही, ही जाणीव. पहिल्या तीन घटकांचे आकर्षण खरे आहे. ते नाकारून टीका केली, तर ती टीका दुबळी ठरते. खुल्या किनाऱ्यावर वाऱ्याशी जुळवून घेत चालण्याचा आनंद कोकणच्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही.

प्रश्न उद्भवतो तो स्थलांतराचा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागलेला असतो. कोकण किनाऱ्यावर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यानंतरचे आठ महिने गवत हिरवे ठेवायचे तर पाणी द्यावेच लागते, आणि पर्यटनाचा हंगामही नेमका तोच असतो. थंड हवेतील मूळ गवत येथे टिकत नाही. त्याऐवजी उष्ण प्रदेशातील मैदानांवर सर्रास वापरले जाते ते बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळी किंवा तिच्या सुधारित जाती. ज्या हरळीच्या मुळ्या खणून काढण्यात शेतकऱ्याच्या पिढ्या गेल्या, तीच येथे पाणी व खते घालून जोपासली जाते. जे मैदान मूळ भूमीत आपोआप घडले, ते येथे सतत खर्च करून टिकवावे लागते. म्हणून कोकणातील 'लिंक्स' हे त्या भूमीचे रूप राहत नाही. ते तिचे चित्र ठरते.

या चित्रात एक हिरवा पट्टा, पांढऱ्या वाळूचे खळगे आणि निळा समुद्र असतो. रिसॉर्टच्या जाहिरातीत सहसा दिसत नाही तो माणूस : जाळी सुकविणारा, होडी ओढणारा, काजू वेचणारा. किनारा रिकामा दाखविल्याखेरीज तो विकता येत नाही. काणकोण तालुक्यात राजबाग येथे, तळपण नदीच्या मुखाजवळ, नऊ होलचे मैदान असलेले पंचतारांकित रिसॉर्ट आहे. मोठ्या हॉटेलाला जोडलेले असे छोटे मैदान ही एक पायरी झाली. संपूर्ण गावाच्या भूमीवर अठरा होलचे मैदान आखणे ही त्यापुढची पायरी होय. तेरेखोलचा प्रश्न या दुसऱ्या पायरीवर उभा राहिला.

४. तेरेखोल : रिकामी न झालेली भूमी

तेरेखोल हे पेडणे तालुक्यातील गाव नदीच्या उत्तर तीरावर आहे. उर्वरित गोव्याकडे जायचे तर केरीला जाणारी फेरीबोट. जमिनीने मात्र ते महाराष्ट्रातील रेडीशी जोडलेले आहे. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी सतराव्या शतकात येथे किल्ला बांधला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढे किल्ल्याचा वापर हॉटेल म्हणून झाला. डोंगरउतारावर काजूच्या बागा, मध्ये वस्ती, खाली नदी व समुद्र अशी या गावाची रचना आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात गावातील बहुतांश जमीन जमीनदाराकडून लीडिंग हॉटेल्स लिमिटेड या कंपनीकडे गेली आणि तेथे अठरा होलच्या गोल्फ मैदानासह रिसॉर्ट उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. कागदावर जमिनीचा मालक एक होता, प्रत्यक्षात तिच्यावर राबणारे अनेक होते. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी अशा कसणाऱ्या व राहणाऱ्या लोकांना संरक्षण दिले आहे. ग्रामस्थांनी या हक्कांच्या आधारे दावे मांडले. २०१५ साली काजूची झाडे तोडण्यावरून झालेला विरोध गोवाभर गाजला आणि हा वाद महसुली यंत्रणेपासून न्यायपीठांपर्यंत गेला.

या वादात गोल्फविषयी दोन ठरीव भूमिका दिसतात. समर्थकांच्या मते गोल्फ म्हणजे उच्च दर्जाचे पर्यटन व रोजगार. विरोधकांच्या मते गोल्फ म्हणजे धनिकांची चैन व पाण्याची नासाडी. २९ एप्रिल १९९३ रोजी सुरू झालेल्या जागतिक गोल्फविरोधी चळवळीने ही दुसरी भूमिका आशियाभर पोहोचविली आणि तिच्यात तथ्य आहे. मात्र दोन्ही भूमिका गोल्फला एक तयार, बाहेरून आलेली वस्तू मानतात. लिंक्सचा मूळ इतिहास कोणीच प्रश्न म्हणून उभा करीत नाही. तो केला असता, तर ग्रामस्थांचा दावा आणि सेंट अँड्र्यूजच्या नागरिकांचा दावा एकाच जातीचा आहे, हे ध्यानात आले असते. ही जमीन वापरणाऱ्यांची आहे, ती विकली गेली तरी वापराचा हक्क संपत नाही, हाच दोघांचा युक्तिवाद आहे. तेरेखोलचे काजू वेचणारे लिंक्सच्या परंपरेचे शत्रू नव्हेत. हक्काच्या दृष्टीने पाहता त्या परंपरेशी अधिक जवळचे नाते त्यांचेच आहे.

५. सामाईक किनाऱ्याची कोकणी परंपरा

कोकणालाही स्वतःची 'लिंक्स' आहे. पुळणीवर मर्यादवेल पसरते व वाळू धरून ठेवते. त्या वेलीपासून पाण्यापर्यंतचा पट्टा गावाच्या वापराचा असतो. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील रापण ही मासेमारी त्याचे उत्तम उदाहरण होय. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबलचक जाळे दोन्ही बाजूंनी अनेक माणसे किनाऱ्यावर ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. मोकळी पुळण नसेल तर रापण लागत नाही. तेरेखोलच्या उत्तरेस काही मैलांवर असलेल्या शिरोड्याच्या मिठागरावर १९३० साली सत्याग्रह झाला, तोही समुद्राच्या देणगीवर लोकांचा हक्क सांगण्यासाठीच. किनाऱ्यामागचा कातळाचा सडा महसुली भाषेत पुष्कळदा पडीक ठरतो. पण पावसाळ्यात तेथे गुरे चरतात, गवत कापले जाते. नांगराला निरुपयोगी म्हणून स्कॉटलंडमध्ये जी जमीन सर्वांची राहिली, तशीच जमीन येथे नांगराला निरुपयोगी म्हणून 'मोकळी' समजली जाते.

अर्थात हा किनाराही अस्पर्श नाही. अनेक ठिकाणची सुरूची बने वनखात्याने लावलेली आहेत. रोजगाराअभावी कोकणातील तरुण मुंबई-पुण्याकडे जातो, हेही वास्तव आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पेडणे तालुक्यातच मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, त्यामागे अशीच अपेक्षा होती. पर्यटन नको, अशी भूमिका म्हणूनच पुरेशी नाही. कोणत्या अटींवर हवे, हे सांगता आले पाहिजे.

येथे स्कॉटलंडचेच एक अलीकडील उदाहरण उपयुक्त ठरते. अॅबर्डीनशायरमधील मेनी येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या गोल्फ प्रकल्पाला २००८ मध्ये आर्थिक लाभाच्या कारणास्तव सरकारी मंजुरी मिळाली आणि २०१२ मध्ये मैदान सुरू झाले. सरकत्या वाळूच्या टेकड्यांमुळे त्या भूमीला विशेष वैज्ञानिक महत्त्वाचा दर्जा होता. मैदानासाठी वाळू स्थिर करण्यात आली आणि २०२० मध्ये संबंधित शासकीय संस्थेने तो दर्जा काढून घेतला. लिंक्सच्या मायभूमीतही रिसॉर्टने लिंक्सची भूमी गमावली, असा याचा अर्थ होतो. दोष हवामानाचा वा परकेपणाचा नसून भूमीकडे पाहण्याच्या रीतीचा आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की किनारी गोल्फ-रिसॉर्ट लिंक्सचा वारा आणि विस्तीर्णता उसनी घेते, परंतु ज्या सामाईकतेमुळे ती विस्तीर्णता शिल्लक राहिली तिलाच कुंपण घालते. या कारणास्तव अशा प्रकल्पाचे मूल्यमापन करताना तीन कसोट्या लावाव्या लागतील. समुद्राकडे जाणारी गावाची वाट खुली राहते काय? मैदानाचा आकार भूमी ठरविते की यंत्र? आठ कोरड्या महिन्यांत पाण्यावर पहिला हक्क कोणाचा?

या कसोट्यांना कायद्याचा आधार नाही असे नाही. १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना अस्तित्वात आहेत, जरी २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मनाई असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. समुद्रकिनाऱ्यासारखी संपत्ती शासनाकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात मान्य केले. ते प्रकरणही नदीकाठच्या एका रिसॉर्टचेच होते. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यासंबंधीचे पर्यावरणीय वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठासमोर येतात. पर्यटनाचे अभ्यासक्रम शिकविणाऱ्या पुण्यातील महाविद्यालयांना या विषयाचे जिवंत साहित्य त्यामुळे हाताशी आहे. लिंक्सचे आकर्षण विद्यार्थ्याला समजावून देताना हिरवळीच्या छायाचित्राबरोबर तिला छेदून समुद्राकडे जाणाऱ्या त्या सार्वजनिक वाटेचीही माहिती दिली जाणे अगत्याचे आहे.