रमण राघव : व्यक्तिमत्त्व सिद्धांतांच्या उपयोजनाची चिकित्सा

पदवी व पदव्युत्तर वर्गांत 'कुख्यात गुन्हेगाराचे व्यक्तिमत्त्व विश्लेषण' हा प्रकल्प विद्यार्थ्यांना फार आवडतो. मुंबईचा रमण राघव त्यासाठी हमखास निवडला जातो. या प्रकल्पांची रीत ठरलेली असते. फ्रॉइडनुसार त्याचा पराहम् दुर्बल, अ‍ॅडलरनुसार त्याच्या ठिकाणी न्यूनगंड, आयझेंकनुसार त्याची मनोविकृतीची मिती उच्च. तिन्ही विधाने सारख्याच सहजतेने लागू पडतात, आणि आक्षेप नेमका येथेच आहे. खुनी सापडल्यानंतर जुळवलेला सिद्धांत त्याच्याविषयी नवे काहीच सांगत नाही.

१९६५-६६ मध्ये व पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांतून आणि उघड्यावर झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील तपासात ऑगस्ट १९६८ मध्ये रमण राघव पकडला गेला. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. तथापि उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने दीर्घकालीन संशयी छिन्नमनस्कतेचे निदान केले आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

फ्रॉइड व अ‍ॅडलर या दोघांनाही बालपण लागते. रमण राघवच्या बालपणाची विश्वसनीय माहिती जवळजवळ नाहीच. मग पराहम् दुर्बल असल्याचा पुरावा कोणता? त्याने केलेले खून! खून का केले? पराहम् दुर्बल म्हणून. हे चक्रापत्तीचे उत्तम उदाहरण तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना वर्गात वापरता येईल.

आयझेंकचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 'गुन्हा आणि व्यक्तिमत्त्व' या विषयावरील त्याचा ग्रंथ १९६४ चा. त्याची तिसरी मिती सामान्य लोकसंख्येत कमी-अधिक प्रमाणात आढळणारी, प्रश्नावलीने मोजण्याची बाब आहे. ज्याने ती प्रश्नावली कधी सोडवली नाही, त्याचा प्राप्तांक 'उच्च' ठरवणे हे मापन नव्हे, विशेषण आहे.

याहून गंभीर घोटाळा आजार आणि व्यक्तिमत्त्व यांच्यातील आहे. आपले लिंग बदलण्याचा कट रचला जात आहे, आपण स्वतः 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, असे त्याचे संभ्रम तज्ज्ञांपुढे आले. ही स्वभावाची लक्षणे नाहीत. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकृतीच्या निदानात, असे वर्तन केवळ छिन्नमनस्कतेच्या काळात घडलेले नसावे, अशी अट अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतच आहे. आमचे विद्यार्थी (आणि काही मार्गदर्शकही) ती अट वगळून पुढे जातात. हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा मुद्दा नाही. फाशी आणि जन्मठेप यांतील अंतर याच भेदावर अवलंबून होते. त्याला 'विकृत स्वभावाचा' म्हणताना आपण त्या मंडळाचा निष्कर्ष नकळत रद्द करत असतो. शिवाय छिन्नमनस्कतेच्या ज्या असंख्य रुग्णांनी कोणालाही इजा केली नाही, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीही गढूळ करतो.

योगायोग असा, की रमण राघव पकडला गेला त्याच १९६८ साली वॉल्टर मिशेलने गुणविशेषांवरून वर्तनाचे भाकीत करण्याच्या दाव्यालाच आव्हान दिले आणि परिस्थितीकडे लक्ष वेधले. येथे परिस्थिती कोणती होती? दार नसलेल्या झोपड्या, उघडी जमीन, रात्री गाढ झोपलेले श्रमिक. पहिल्या हल्ल्यांच्या काळातही तो संशयित म्हणून पोलिसांच्या हाती आला होता आणि ठोस पुराव्याअभावी सुटला होता. मधल्या काळात त्याला एखाद्या मनोविकारतज्ज्ञापुढे उभे केले गेले असते तर काय घडले असते, हा प्रश्न एकाही प्रकल्पात मला आढळलेला नाही. बळी पडलेल्यांची वस्तीही त्यांत सहसा एका वाक्यात उरकलेली असते.